वीस मिनिटांची परीक्षा

पाश्चात्त्य संगीताच्या जगात वाद्यवृंद-संचालकांच्या स्पर्धांना गेल्या सात दशकांत मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. फ्रान्समधील बेझांसों या गावी १९५१ साली अशी स्पर्धा सुरू झाली. कोपनहेगनला १९६५ साली निकोलाय माल्कोच्या नावाने, बर्लिनमध्ये १९६९ साली हर्बर्ट फॉन कारायानच्या पुढाकाराने, लंडनमध्ये १९९० साली आणि जर्मनीतील बाम्बेर्ग येथे २००४ साली तिची भावंडे जन्माला आली. सर्वांची रीत साधारण सारखीच. जगभरातून तरुणांचे अर्ज येतात, त्यांतून मोजक्यांना पाचारण होते, एकेकाला पंधरा-वीस मिनिटे व्यावसायिक वाद्यवृंदासमोर उभे केले जाते आणि मान्यवर परीक्षक टिपणे घेत बसतात. आठवडाअखेर भरल्या सभागृहात एक नाव पुकारले जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत संगीताच्या आकाशात नवा तारा उगवल्याची द्वाही फिरते. या सोहळ्यात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. ज्या कामासाठी या तरुणाला पुढे आणले, त्या कामाची परीक्षा झाली आहे काय?

हा प्रश्न केवळ संगीतातील जाणकारांपुरता मर्यादित नाही. मोठा वाद्यवृंद म्हणजे ऐंशी ते शंभर वादकांच्या उपजीविकेची संस्था असते. युरोपात तिचा बराचसा भार नगरपालिकेच्या वा सरकारच्या तिजोरीवर पडतो, तर अमेरिकेत देणगीदारांच्या औदार्यावर. तिचा प्रमुख संचालक चुकीचा निवडला गेला तर एखादी मैफल फसते आणि प्रकरण मिटते, असे होत नाही. चार-पाच वर्षे वाया जातात, चांगले वादक दुसरीकडे जातात, श्रोते पाठ फिरवतात आणि विसाव्या-पंचविसाव्या वर्षी डोक्यावर घेतलेला तरुणही तिशीतच थकलेला दिसतो. म्हणूनच स्पर्धा नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम स्पर्धांच्या बाजूने जे बोलावयास हवे, ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या आणि १९५४ साली व्हिएन्नाला शिकावयास गेलेल्या झुबिन मेहतांनी १९५८ साली लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा युरोपातील कोणत्याही वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाला त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढच्याच वर्षी सेइजी ओझावा हा जपानी तरुण मालवाहू जहाजाने, बरोबर एक स्कूटर घेऊन, युरोपात उतरला आणि बेझांसोंला पहिला आला. तेथील परीक्षकांत बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख शार्ल म्युन्श होते. त्यांनी त्याला अमेरिकेत बोलावले आणि पुढे त्याच बॉस्टनचे संचालकपद ओझावांनी १९७३ ते २००२ अशी एकोणतीस वर्षे भूषविले. सायमन रॅटल १९७४ साली ब्रिटनमधील जॉन प्लेयर पारितोषिक मिळवून पुढे आले, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. व्हेनेझुएलाचे गुस्ताव्हो दुदामेल बाम्बेर्गच्या पहिल्याच स्पर्धेत २००४ साली विजयी झाले आणि पाच वर्षांनी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले. ज्यांच्या पाठीशी घराणे नाही, ओळख नाही आणि ज्यांचा देशही या संगीताचा मायदेश नाही, अशांसाठी स्पर्धेने दार उघडले, हे तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु दार उघडणे वेगळे आणि घर चालवणे वेगळे. स्पर्धेच्या व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या तरुणाची अडचण मुळातच विलक्षण असते. व्हायोलिनवादकाचे वाद्य त्याच्या खांद्यावर असते. पियानोवादकाचे त्याच्या घरी असते. संचालकाचे वाद्य म्हणजे शंभर हाडामांसाची माणसे. त्यांच्याविना रियाज करावयाचा तर आरशासमोर हातवारे करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. स्पर्धेत हे वाद्य त्याच्या हाती येते तेही पूर्वी कोणीतरी सुरात लावून ठेवलेले. हायड्नच्या किंवा बेटहोव्हनच्या सिंफनीची जी चलने त्याला दिली जातात, ती त्या वादकांनी आयुष्यात अनेक वेळा वाजवलेली असतात. शिवाय एकाच दिवशी तीच रचना ते पाच-सहा उमेदवारांच्या हाताखाली वाजवतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला वाद्यवृंद स्वतःच्याच बळावर चालू लागतो. संचालकाचा हात चुकला तरी प्रमुख व्हायोलिनवादकाच्या गजाकडे पाहून सगळे सावरून घेतात. जितका वाद्यवृंद चांगला, तितके उमेदवाराचे दोष अधिक झाकले जातात.

मग परीक्षकांना दिसते काय? हाताची स्वच्छता, तालाची पकड, कानाची तीक्ष्णता, स्वरलिपीचा अभ्यास आणि शरीरातून व्यक्त होणारा आत्मविश्वास. जुन्या काही स्पर्धांत वादकांच्या प्रतींत मुद्दाम चुका पेरून ठेवीत आणि उमेदवाराने त्या ऐकून शोधाव्यात अशी अपेक्षा असे. हे सर्व गुण खरे आहेत आणि आवश्यकही आहेत. तथापि ते नसतील तर संचालक होता येत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ते असले म्हणजे संचालक झाला, असा त्यांचा अर्थ होत नाही. वीस मिनिटांत छाप पाडावयाची असल्याने आणखी एक विपरीत गोष्ट घडते. जेथे थांबण्याची गरज नाही तेथे उमेदवार थांबतो, कारण न थांबता नुसते वाजू दिले तर आपल्याला काही ऐकू आले नाही असे परीक्षकांना वाटेल, ही धास्ती असते. प्रत्यक्षात अनुभवी संचालकाचे निम्मे कसब केव्हा थांबू नये यात असते. पहिल्या वाचनात हॉर्नवादकाचा एखादा सूर फसला तर तो त्याला स्वतःला कळलेला असतो. तो बोलून दाखविणाऱ्याने एक चूक दुरुस्त केलेली असते आणि एक माणूस गमावलेला असतो.

संचालकाचे खरे काम बव्हंशी श्रोत्यांच्या दृष्टीआड चालते. दोन-तीन वर्षांनंतरच्या हंगामात कोणत्या रचना वाजवावयाच्या, जुन्या-नव्याचे प्रमाण काय ठेवावयाचे, कोणता एकलवादक बोलवावयाचा, हे त्याला व्यवस्थापनाच्या सोबत बसून ठरवावे लागते. तालमीचे तास मोजके असतात, करारांनी बांधलेले असतात आणि प्रत्येक तासाला पैसे पडतात. चार तालमींत एक नवी अवघड रचना, एक कॉन्चेर्टो आणि एक परिचित सिंफनी बसवावयाची तर कशाला किती वेळ द्यावयाचा, ट्रॉम्बोनवादकांना केव्हा सोडावयाचे, थकलेल्या ओठांच्या तुतारीवादकाकडून शेवटचा भाग सकाळीच पुन्हा वाजवून घ्यावयाचा की संध्याकाळच्या मैफलीसाठी त्याला राखून ठेवावयाचे, असे शेकडो निर्णय त्याला घ्यावे लागतात. व्हायोलिनच्या दोन गटांनी गज एकाच दिशेने ओढावा की नाही, चेलो कोणत्या बाजूला बसवावेत, सभागृहाच्या छताखाली लाकडी सुषिर वाद्ये का दबतात, हे प्रश्न वर्षानुवर्षे चालतात. त्यातच पंचवीस वर्षे निष्ठेने वाजवलेल्या एखाद्या ओबोवादकाचा सूर आता ढळू लागला आहे, हे त्याला कोणी आणि कसे सांगावे, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाची तयारी कोणत्याही स्पर्धेत करून घेतली जात नाही, आणि घेताही येणार नाही.

या दृष्टीने फिनलंडच्या ओस्मो व्हॅन्स्का यांची कारकीर्द उद्बोधक आहे. ते मूळचे क्लॅरिनेटवादक; हेलसिंकीच्या वाद्यवृंदात पाच वर्षे त्यांनी खुर्चीवर बसून इतरांच्या छडीकडे पाहिलेले. १९८२ साली त्यांनी बेझांसोंची स्पर्धा जिंकली. परंतु त्यांचे नाव झाले ते लाख-सव्वा लाख वस्तीच्या लाह्ती या गावी. तेथील लहानशा वाद्यवृंदाचे ते १९८८ ते २००८ अशी वीस वर्षे प्रमुख होते. सिबेलियसच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचे मूळ रूप त्यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केले आणि जगातील जाणकारांना नकाशावर लाह्ती शोधावे लागले. २००० साली त्या गावात लाकडाचे अप्रतिम सभागृह उभे राहिले. एका आठवड्यात मिळालेल्या पारितोषिकाला फळ यावयाला अशी अनेक वर्षे एका जागी घालवावी लागली.

त्यांची खरी परीक्षा अमेरिकेत झाली. २००३ पासून ते मिनेसोटाच्या वाद्यवृंदाचे संचालक होते आणि त्या वाद्यवृंदाची कीर्ती चढत होती. अशा वेळी वेतनकपातीच्या वादावरून व्यवस्थापनाने १ ऑक्टोबर २०१२ रोजी टाळेबंदी जाहीर केली. वादकांना सभागृहाचे दरवाजे बंद झाले, संपूर्ण हंगाम बुडाला, अनेकांनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या. संचालक हा एकीकडे व्यवस्थापनाने नेमलेला, दुसरीकडे वादकांच्या भरवशावर उभा. त्याने कोणाच्या बाजूने बोलावे? व्हॅन्स्का यांनी दीर्घकाळ तोल सांभाळला. वर्षभरानंतरही तोडगा निघेना आणि न्यू यॉर्कच्या ठरलेल्या मैफली रद्द झाल्या, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी टाळेबंद वादकांबरोबर विद्यापीठाच्या सभागृहात निरोपाच्या मैफली केल्या आणि अखेरीस सिबेलियसचे एक छोटे विषण्ण वॉल्ट्झ वाजवताना श्रोत्यांना टाळ्या न वाजवण्याची विनंती केली. २०१४च्या आरंभी तंटा मिटला, त्याच वर्षी ते परत आले, २०१५ साली वाद्यवृंद घेऊन क्यूबाला गेले आणि २०२२ पर्यंत त्या पदावर राहिले. टाळेबंदीच्या त्या पंधरा-सोळा महिन्यांत त्यांच्या हाताची स्वच्छता किंवा कानाची तीक्ष्णता कामाची नव्हती. वादकांचा त्यांच्यावर विश्वास होता की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि विश्वास ही वस्तू गुणपत्रिकेत नोंदता येत नाही.

स्पर्धेतील क्रम आणि पुढील कर्तृत्व यांचा मेळ नेहमी बसतोच असेही नाही. मारिस यान्सन्स १९७१ साली कारायान स्पर्धेत दुसरे आले. कारायानने त्यांना साहाय्यक म्हणून बोलावले होते, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो निरोप त्यांच्यापर्यंत पोचूच दिला नाही. १९७९ साली त्यांनी ऑस्लोचा वाद्यवृंद हाती घेतला आणि दोन दशकांत त्याला युरोपातील अव्वल वाद्यवृंदांच्या पंक्तीला आणून बसविले. ऑस्लो सोडतानाही भांडण होते ते सभागृहातील ध्वनिदोष शहराने दूर करावेत यासाठी. पुढे म्यूनिक आणि ॲम्स्टरडॅम येथील दोन श्रेष्ठ वाद्यवृंदांचे ते प्रमुख झाले. २०१९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना स्पर्धेत कितवा क्रमांक मिळाला होता, याची आठवण काढण्याची कोणाला गरज वाटली नाही.

याउलट विजयाची ढाल किती तकलादू असते, हे ओझावांना तीनच वर्षांत कळले होते. बेझांसोंचा हा विजेता १९६२ साली मायदेशी टोकियोच्या एन.एच.के. वाद्यवृंदासमोर उभा राहिला. वय सत्तावीस, शिकलेला पाश्चात्त्य रीतीने मोकळेपणाने वागावयास. समोर वडीलधारे वादक आणि मर्यादेच्या जपानी कल्पना. वर्षअखेरीस वादकांनी त्याच्याबरोबर वाजवण्यास साफ नकार दिला. त्या वाद्यवृंदासमोर ओझावा पुन्हा उभे राहिले ते १९९५ साली, बत्तीस वर्षांनंतर. दोष कोणाचा, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. बेझांसोंच्या परीक्षकांचा निर्णय चुकला होता, असेही यावरून सिद्ध होत नाही. शंभर माणसांच्या समाजात वयाने लहान असताना अधिकाराने कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्या प्रश्नपत्रिकेतच नव्हता, इतकेच.

स्पर्धा नव्हत्या तेव्हा संचालक कसे घडत, याचे उत्तर जर्मन भाषिक प्रदेशातील नाट्यगृहांत सापडते. तेथे तरुण आधी गायकांना पियानोवर तालीम देणारा साहाय्यक म्हणून लागे, पडद्यामागे समूहगायकांना खूण करी, मुख्य संचालक आजारी पडला की ऐन वेळी छडी हाती घेई. ज्या कारायानच्या नावाने बर्लिनमध्ये स्पर्धा झाली, तो स्वतः कोणत्याही स्पर्धेतून आलेला नव्हता. १९२९ पासून पाच वर्षे त्याने उल्म या लहान गावच्या नाट्यगृहात तुटपुंज्या वाद्यवृंदानिशी ऑपेरा बसविले होते. ही वाट आजही बुजलेली नाही. किरिल पेत्रेन्को व्हिएन्नाच्या फोल्क्सओपरमध्ये साहाय्यक होते, मग लहानशा माइनिंगेनच्या आणि त्यानंतर बर्लिन व म्यूनिकच्या ऑपेरागृहांचे प्रमुख झाले. २०१५ साली बर्लिन फिलहार्मोनिकच्या वादकांनी आपला प्रमुख म्हणून त्यांना निवडले. त्या वाद्यवृंदात प्रमुखाची निवड वादकच मतदानाने करतात. त्या वर्षी मे महिन्यातील पहिल्या दिवसभराच्या बैठकीत एकमत झाले नाही, म्हणून जूनमध्ये ते पुन्हा बसले. हीसुद्धा एक स्पर्धाच आहे. पण तीत परीक्षक तेच असतात ज्यांना निकालाबरोबर पुढची वर्षे काढावयाची असतात.

झुबिन मेहतांचे उदाहरणही बारकाईने पाहिले तर हेच सांगते. व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की या कडक गुरूपाशी शिकत असताना ते आणि क्लाउदिओ आबादो तेथील प्रख्यात गायकवृंदात भरती झाले, ते मोठ्या संचालकांच्या तालमी आतून पाहावयास मिळाव्यात म्हणून. लिव्हरपूलच्या पारितोषिकाने त्यांना साहाय्यकपदाचे एक वर्ष दिले. त्यापुढची पायरी मात्र ऐन वेळी दुसऱ्यांच्या जागी उभे राहून त्यांनी स्वतः चढली. आणि नाव झाले ते लॉस एंजेलिसमधील सोळा वर्षांच्या, न्यू यॉर्कमधील तेरा वर्षांच्या आणि इस्राएल फिलहार्मोनिकशी २०१९ पर्यंत टिकलेल्या प्रदीर्घ संबंधामुळे. दुदामेल यांच्याबाबतही बाम्बेर्गचा उल्लेख सारे करतात. ते तेथे पोचले त्यापूर्वी पाच वर्षे व्हेनेझुएलातील युवक वाद्यवृंदाच्या रोजच्या तालमी ते घेत होते, ही गोष्ट सांगावयाची राहून जाते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. स्पर्धा काढून टाकल्या तर उरेल ती वशिल्याची आणि गुरुकृपेची जुनीच व्यवस्था. नाट्यगृहाची ती वाट जर्मन तरुणाला सुलभ होती. मुंबईच्या किंवा टोकियोच्या मुलाला ती कोण दाखवणार होते? स्त्रियांना तर त्या वाटेवर कित्येक पिढ्या पाऊलही टाकू दिले गेले नाही. क्लेर जिबो या फ्रेंच संचालिकेने पॅरिसच्या फिलहार्मोनीच्या सहकार्याने खास स्त्रियांसाठी 'ला माएस्त्रा' ही स्पर्धा काढली आणि २०२० साली इंडोनेशियाची रेबेका टाँग तिची पहिली विजेती ठरली, ती याच अन्यायामुळे. तेव्हा स्पर्धा बंद करा, ही मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. तिला तिच्या जागी ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

जागी ठेवणे म्हणजे काय, तेही स्पष्ट असावे. पहिली गोष्ट, अंतिम फेरीतल्या उमेदवाराला एका रचनेच्या पहिल्या वाचनापासून मैफलीपर्यंतच्या सर्व तालमी द्याव्यात आणि परीक्षकांनी त्या सगळ्या पाहाव्यात. चाळीस मिनिटांच्या झगमगाटापेक्षा तिसऱ्या तालमीच्या शेवटी वादकांचे चेहरे अधिक सांगतात. दुसरी गोष्ट, वादकांच्या मताला निर्णायक वजन असावे. त्यांच्या नावे वेगळे बक्षीस देऊन त्यांची बोळवण करू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पारितोषिक हे रोख रकमेचे किंवा दहा शहरांत एकेका मैफलीच्या आमंत्रणाचे नसावे, तर शिकण्याच्या काळाचे असावे. लंडनच्या स्पर्धेत विजेत्याला लंडन सिंफनी वाद्यवृंदाचे साहाय्यकपद मिळते. रॅटल यांनाही बक्षिसादाखल बोर्नमथच्या वाद्यवृंदांबरोबर दोन वर्षांचे साहाय्यकपदच मिळाले होते. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाशी १९८० पासून अठरा वर्षे त्यांनी संसार केला आणि १९९१ साली त्या शहराला नवे सभागृह मिळाले, त्यात त्या संसाराचा वाटा मोठा होता. दहा शहरांतून दहा आमंत्रणे मिळालेला विजेता मात्र दर आठवड्याला नव्या वाद्यवृंदापुढे तीच चार गाजलेली कामे घेऊन उभा राहतो. तो टाळ्या गोळा करतो आणि स्पर्धाच पुन्हा पुन्हा देत राहतो.

या चर्चेचा मुंबईशीही संबंध आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला आणि २०२३ साली खुद्द मेहता त्याच्यासमोर उभे राहिले. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणाऱ्या गोमंतकीय वादकांची परंपरा या शहरात जुनी आहे. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद तिनेच तोलून धरले. उद्या या मातीतून एखादा तरुण वा तरुणी संचालक होण्याचे स्वप्न पाहील, तर परदेशच्या स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी तिला तालमीत कोपऱ्यात बसून स्वरलिपी उघडावयास, प्रमुखाच्या गैरहजेरीत एखादे चलन वाजवून घ्यावयास आणि त्यात चुकावयास जागा मिळाली पाहिजे. साहाय्यकाचे एक नियमित पद एका चमकदार मैफलीपेक्षा स्वस्त पडते आणि टिकते अधिक काळ.

स्पर्धेचा निकाल रविवारी रात्री लागतो. संचालकाची परीक्षा मात्र सोमवारी सकाळी दहा वाजता, रिकाम्या सभागृहात सुरू होते. तेथे समोर अर्धवट झोपेतले शंभर लोक वाद्ये जुळवीत असतात आणि या माणसाबरोबर पुढची काही वर्षे काढावीत की नाही, हे ते मनाशी ठरवीत असतात. तरुण संगीतकारांनी, त्यांच्या गुरूंनी आणि वाद्यवृंदांची सूत्रे हाती असणाऱ्यांनी आपली नजर रविवारपेक्षा या सोमवारवर ठेवली, तर स्पर्धांचेही त्यात कल्याणच आहे.